तार नसलेला माईक

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. हे जिच्यावर बेतलं ती माझी सख्खी मावशी. भुताखेतांची नुसती टिंगल करणारी बाई.

आणि हे रात्री घडलेलं नाही.

मंगळवार होता. दुपारचे पावणेतीन. बाहेर डोळे दिपतील असं ऊन. पण टीव्हीच्या स्टुडिओला खिडक्या नसतात, आत कायम काळोखच.

मावशी तिथे एकवीस वर्षं साउंड इंजिनीयर होती. स्टुडिओच्या वरच्या अंगाला काचेची खोली, त्यात तिचं मिक्सर. प्रत्येक माईकची एक पट्टी. वर सरकवली की आवाज चढतो, खाली ओढली की बंद. तिचे कान असे की सगळे म्हणायचे, मुंगी शिंकली तरी हिला सर्दी कळते.

तिथल्या गप्पांच्या कार्यक्रमाचा जुना निवेदक म्हणजे मास्तर. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. कॉलरला लावायचा चिमुकला माईक त्यांना चालायचा नाही. डेस्कवर त्यांचा स्वतःचा जुना माईक असे. जाळीदार, चकचकीत, हातात घेतला तर मनगट दुखावं एवढा जड. कार्यक्रमाआधी ते त्यावर नखाने दोनदा टकटक करायचे आणि काचेकडे बघून विचारायचे, "काय गं, येतंय का ऐकू?"

मावशी अंगठा दाखवायची.

एकदा थेट प्रक्षेपणात मास्तरांनी चॅनेलच्या मालकांच्या मित्राला नको तो प्रश्न विचारला. डायरेक्टर मावशीच्या शेजारीच बसलेला. तो ओरडला, "ओढ पट्टी! बंद कर म्हातारा!"

मावशीने पट्टी ओढली.

मास्तर बोलतच राहिले. मिनिटभर. घरोघरी नुसतं हलणारं तोंड दिसत होतं. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. बोलता बोलता थांबले, आणि मान वर करून काचेकडे पाहिलं.

अंगठा दाखवायला मावशीचा हात उठला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना घरी बसवलं. चार महिन्यांत ते गेले. मावशी शेवटचं बघायलाही गेली नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

नवा निवेदक आला. पोरगेला, हसरा. त्याला तो माईक शोभेसाठी डेस्कवर हवा होता. "जुनी वस्तू आहे, काय रुबाब येतो!" बोलायचं कॉलरच्या माईकमध्ये, हा नुसता दिखाऊ. त्याची लोंबती तार मावशीने स्वतः पकडीने बुडापासून कापली.

तर तो मंगळवार.

रेकॉर्डिंग चालू झालं. पाहुणी एक डॉक्टरबाई. दहा मिनिटं सगळं सुरळीत.

मग हेडफोनमध्ये...

टक. टक.

मावशीने पट्ट्यांवरून नजर फिरवली. नऊ नंबरच्या पट्टीचा दिवा हिरवा झाला होता.

नऊ नंबरला काहीच जोडलेलं नव्हतं.

तिने खालच्या फ्लोअर मॅनेजरला विचारलं, "डेस्कवर कोण वाजवतंय रे?"

"कोणी नाही ताई. सगळ्यांचे हात मला दिसतायत."

तेवढ्यात निवेदकाच्या पट्टीचा दिवा विझला. मग डॉक्टरबाईंचा.

"आवाज कुठे मेला?" डायरेक्टर खेकसला.

मावशीने काचेतून पाहिलं. निवेदक बोलत होता, हसत होता. पण समोर बसलेल्या डॉक्टरबाई कानामागे हात धरून पुढे वाकल्या होत्या. दोन हातांवरून त्यांनाही काही ऐकू जात नव्हतं.

निवेदकाचं हसू मावळलं. हात गळ्याकडे गेला.

मावशीच्या कानात कोणीतरी श्वास घेतला... अगदी जवळून.

"ओढ की पट्टी. तुला छान जमतं."

तिने नऊ नंबरची पट्टी खाली ओढली. आवाज गेला नाही. हेडफोन काढून फेकला.

"ओढ. ओढ. ओढ."

खाली निवेदक खुर्चीतून घसरला होता. तोंड सताड उघडं, ओठ निळे पडत चाललेले. डॉक्टरबाई त्याची कॉलर सैल करत होत्या. त्यांनी छाती दाबून पाहिली, पाठीत थापा मारल्या. श्वास आत जाईना.

मावशी जिन्यावरून धावत सुटली. डेस्कवरचा माईक दोन्ही हातांनी धरला. बर्फासारखा गार.

"त्या पोराने काय केलंय तुमचं? मी केलंय. मला बोला!"

जाळीतून आवाज आला. "मोठ्याने."

"मी बंद केला तुमचा आवाज!"

"ऐकू येत नाही."

"माझ्या हाताने! डायरेक्टरने सांगितलं आणि मी ऐकलं! नाही म्हणायची हिंमत झाली नाही माझी!"

"मोठ्याने..."

घसा फाटेपर्यंत ती ओरडत राहिली.

आणि एकदम निवेदकाने हिसका देऊन श्वास घेतला. खोकला, रडला. माईक मावशीच्या हातातून निसटून फरशीवर पडला.

सगळे तिच्याकडे बघत होते. फ्लोअर मॅनेजर हळूच म्हणाला, "ताई, काय करत होतीस? नुसतं तोंड हलत होतं तुझं. आवाजच नव्हता."

वरून डायरेक्टर खाली आला. चेहरा पांढराफटक. काचेच्या खोलीत त्याने तिचा प्रत्येक शब्द ऐकला होता. नऊ नंबरवर.

रेकॉर्डिंग लावून पाहिलं, तर त्यात एकट्या मावशीचा आवाज. तिच्या वाक्यांमध्ये, कोणी उत्तर द्यावं एवढ्या, मोकळ्या जागा. डायरेक्टरने ते तिच्यासमोर पुसून टाकलं. त्यानंतर तो तिच्याशी कधी बोलला नाही.

निवेदक महिनाभर घोगरा बोलायचा, मग बरा झाला. त्याने ते काम सोडलं. मावशीनेही सोडलं. माईक गोदामात बंद केला होता. गोदाम बदललं तेव्हा तो सामानात निघाला नाही. चोरीला गेला म्हणतात. ज्याने नेला असेल त्याचं देव भलं करो.

गेल्या रविवारी मी मावशीला फोन केला. ती काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, भाचीच्या लग्नाबद्दल भरभरून बोलत होती. मधेच तिचा आवाज थांबला. मला वाटलं, रेंज गेली.

पण मागे कुकरची शिट्टी झाली, ती स्पष्ट ऐकू आली. काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, तेही.

नव्हता तो फक्त तिचा आवाज.

मी घाबरून फोन ठेवला. लगेच तिचाच आला.

"मधेच का ठेवलास? मी बोलत होते ना."

तिला खरं सांगायचं माझ्याने अजून झालेलं नाही.