आतल्या थरातलं हिरवं पातळ

"देवा, एवढी एक वेळ माझ्या हातांना चोरी करू दे!" असं पुटपुटत मथुरेने ब्लेडचं पातं गोधडीच्या टाक्याखाली घातलं आणि पहिला टाका कापला... टक्कन आवाज झाला. तेवढ्याशा आवाजाने तिच्या काळजात असं धस्स झालं, जणू कुणाची नाळच कापली!

हातात वेळ तरी किती? चार वाजून गेले होते. धाकटी जाऊ सगुणा टोपली घेऊन हर्ण्याच्या बंदरावर लिलावाला गेली होती, ती दिवेलागणीशिवाय परतत नाही. आणि परतली की तिच्याआधी तिचा आवाज घरात शिरतो, त्यामुळे माणसाला सावध व्हायला सवड मिळते. सगुणेची लेक निशिगंधा सकाळीच नवऱ्याच्या गाडीने हेदवीच्या गणपतीला गेली होती. पाचवा महिना चालू होता पोरीचा. उद्या सकाळी सातला ती पोफळीला आपल्या घरी निघणार, जावई तिथे पॉवरहाउसात कामाला, आणि जाताना ही लग्नातली गोधडी बरोबर नेणार. "काठ उसवलाय, तेवढा शिवून ठेव गो मोठी आय," असं सांगून गेली होती. काठ! काठाचं निमित्त देवानेच धाडलं होतं...

पडवीत जमिनीवर भली मोठी चौकट मांडली होती. चार लांब सागवानी दांडे, होडीच्या उरलेल्या लाकडातून मथुरेच्या नवऱ्याने, रघूने, तासलेले. त्यावर गोधडी ताणून बांधायची, एका अंगाला एक जाऊ, समोर दुसरी, बोटांत पितळी अंगुस्तानं चढवायची आणि दोन्हीकडून शिवत शिवत मधे यायचं. पंचवीस वर्षं दोघी अशा समोरासमोर बसल्या. अर्ध्या हर्ण्याने यांच्या गोधड्या पांघरून घोरलंय! पण गेली दोन वर्षं मथुरेने अंगुस्तानाला हात लावला नव्हता. डोळे गेले बिचारीचे, असं लोक म्हणायचे. डोळ्यांना काय धाड भरली होती? दुसऱ्याच्या ताटातला काटासुद्धा दिसायचा तिला! थकलं होतं ते मन... इतकं थकलं होतं, की सकाळी चहाचं आधण ठेवतानाही वाटायचं, कशाला?

कारण त्या गोधडीच्या पोटात एक पाप होतं, आणि ते मथुरेने आपल्या हाताने घातलं होतं.

रीत अशी, की लेकीच्या लग्नातल्या गोधडीत आईचं पातळ घालायचं. आईची ऊब जन्मभर अंगावर राहते म्हणतात. आणि विधवेचं वस्त्र? छे! त्याची चिंधीसुद्धा नाही. तिची सुई चालते, तिचे डोळे चालतात, तिची मोडलेली कंबर चालते, फक्त तिचं पातळ चालत नाही... काय पण न्याय!

रघूची होडी वादळात गेली ती गेलीच, तेव्हा मथुरा पंचविशीची होती. वर्षाने सगुणेला ही मुलगी झाली आणि सगुणा तापाने तीन महिने अंथरुणाला खिळली. त्याच दिवसांत गुहागरकडच्या एका खलाशाचं स्थळ मथुरेला सांगून आलं होतं. सासूसुद्धा कधी नव्हे ती 'हो' म्हणाली होती! पण मथुरेच्या मांडीवर दोन महिन्यांचं पोर बोट चोखत होतं. "मी गेले तर हिला बघणार कोण?" एवढंच ती म्हणाली आणि पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावलं. त्यानंतर त्या गोष्टीचं नावही कुणी काढलं नाही. सगुणा बरी झाली, डोक्यावर माशांची टोपली घेऊन दारोदार हिंडायला लागली, आणि पोर मथुरेच्या कुशीत वाढलं.

मग चार वर्षांपूर्वी त्या पोरीच्या लग्नाची गोधडी चौकटीवर चढली, सगुणेची दोन पातळं थरात पडली, आणि सगुणा चहा टाकायला आत गेली तेव्हा मथुरेने ट्रंकेतलं ते हिरवं पातळ, रघूने पहिल्या दिवाळीला दापोलीहून आणलेलं, दोनदाच नेसलेलं, हळूच मधल्या थरात सरकवलं. मीही आईच ना? कुणाला कळणार आहे?

कळलं ते तिच्या नशिबाला! दोन वर्षांपूर्वी निशिगंधेचं पोर चौथ्या महिन्यात पोटातच गेलं. दापोलीच्या दवाखान्यात बाकड्यावर बसून सगुणा ऊर बडवत ओरडली होती, "कुणाची तरी काळी सावली पडली गो माझ्या पोरीवर!" आणि मथुरा पेजेचा डबा हातात धरून तिथेच उभी होती... पेज निवली. मथुराही निवली.

टक्... टक्... टक्...

आता पोरीला पुन्हा दिवस राहिले होते. उद्या सातच्या आत ते हिरवं अमंगळ बाहेर निघायलाच हवं! घामाने तिच्या बोटांतून ब्लेड निसटत होतं. सगुणेचा टाका बारीक, तांदळाच्या कणीएवढा. मथुरेचा लांब, डावीकडे झुकलेला. सहीसारखी ओळख असते टाक्याला! मथुरा आपल्याच बाजूचे आपलेच टाके कापत हिरव्यापर्यंत पोचली आणि थबकली. तिथे टाका तिचा नव्हताच. तांदळाच्या कण्या! एकावर एक तीन पदरी, कचकचून घातलेल्या, त्याही नेमक्या त्या हिरव्या काठावर...

माझ्या बाजूला सगुणेचे टाके?

"अगो बया! उंदीर शिरला म्हणावं, तर दोन पायांचा!"

मथुरेच्या हातातलं ब्लेड गळून पडलं. दारात सगुणा उभी. टोपली रिकामीच. आज होड्याच कमी लागल्या होत्या आणि मेलीने यायच्या आधी तोंडही उघडलं नव्हतं!

"अक्का, काय करत्येस? पोरीची गोधडी फाडत्येस? डोक्यावर परिणाम झाला काय गो तुझ्या?"

"सगुणे..." मथुरेने हिरव्या काठावर बोट ठेवलं. "मार मला. हाकलून दे घरातनं. ती काळी सावली माझीच हाय गो! माझं पातळ घातलं मी ह्याच्यात... रांडमुंडीचं पातळ... तुझं नातवंड मी खाल्लं!"

आणि पंचवीस वर्षं ज्या बाईने कुणापुढे हूं केलं नव्हतं, ती चौकटीवर डोकं टेकून लहान मुलासारखी हमसून हमसून रडायला लागली.

सगुणा टोपली खाली ठेवून समोरच्या अंगाला, आपल्या नेहमीच्या जागी, बसली.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

मथुरेने मान वर केली.

"चहा घेऊन आले तेव्हा हिरवा काठ बाहेर डोकावत होता. मी काय आंधळी? दुसऱ्या दिवशी तू पाण्याला गेलीस, तेव्हा आत ढकलला आणि तीन वेळा शिवला. कुणा भवानीच्या नजरेला पडू नये म्हणून." सगुणेने पदराने तोंड पुसलं. "पोरीला वाटीने दूध पाजलंस तू, न्हाऊ घातलंस तू. म्हटलं, हक्क हाय तिचा."

"मग... दवाखान्यात म्हणालीस ते..."

"तुलाच म्हणाले."

मथुरेने आपला हात गोधडीवरून मागे घेतला.

"खोटं कशाला बोलू? तुलाच म्हणाले, अक्का! पोर गेलं आणि माझी अक्कल गेली. तीनदा मी शिवलं, गाठ मी मारली, आणि खापर तुझ्या कपाळावर फोडलं. तू अंगुस्तान ठेवलंस, तेव्हाच कळलं मला, लागलं तुला. दोन वर्षं रोज म्हणत्ये, आज पाय धरीन, उद्या धरीन... तोंड माझं गावभर चालतं गो, तुझ्यापुढे तेवढं उघडत नव्हतं!"

आणि तिने चौकटीवरून वाकून मथुरेचे दोन्ही हात धरले, ताणलेल्या गोधडीवर दोघींची आसवं टपटप पडायला लागली... नेमकी त्याच वेळी अंगणात गाडी थांबली.

निशिगंधा पायरी चढली, हातातला प्रसाद तसाच राहिला. "माझी गोधडी कुणी फाडली?"

सगुणेनेच नाक पुसत दोन दमांत सगळं सांगून टाकलं. पोर ऐकत राहिली.

"रोज उपाशीपोटी गोळी घेत्ये मी, ती कशाची?" ती म्हणाली. "थायरॉईडची! तेव्हाच डॉक्टरनी लिहून दिलं होतं. आणि इथे तुम्ही दोघी दोन वर्षं एका पातळाला फासावर लटकवताय?"

"तुझं शास्त्र खरं असेल, बाय," मथुरेने हात जोडले, "पण माझं भ्याव खोटं नाय. ह्या वेळी नको. मी काढत्ये ते. तुझ्या पाया पडत्ये..."

निशिगंधा एका हाताने कंबर धरून हळूहळू खाली बसली. पडलेलं ब्लेड उचलून तिने उरलेले टाके कापले, ते हिरवं पातळ ओढून काढलं आणि आपल्या पोटाभोवती गुंडाळलं.

"मोठी आय, चार वर्षं मी हीच गोधडी घेत्ये. पोर गेलं तेव्हा तिच्याशिवाय डोळा लागत नव्हता मला. आणि आत्ताचं हे, हे काय पोफळीच्या पॉवरहाउसच्या बोगद्यातनं वाहून आलं? ह्याच गोधडीखाली राहिलं ना?"

"अगो, लाज कुठे सोडलीस?" सगुणा किंचाळली. "जावई अंगणात हाय!"

जावई अंगणात मान खाली घालून गाडीचं चाक बघत होता, जणू आयुष्यात पहिल्यांदाच चाक दिसलंय! आणि मथुरेला, त्या दमलेल्या, विझलेल्या मथुरेला, रडतारडता हसू फुटलं. पाच महिने... खरंच की! पाच महिने तिचं पातळ ह्या बाळावर पांघरलेलं होतं, आणि बाळ सुखरूप होतं. तिचा हात आपोआप त्या हिरव्या पोटावर टेकला. आतून काहीतरी हललं. तिने दचकून हात मागे घेतला, मग पुन्हा ठेवला.

"आत नको आता," निशिगंधा म्हणाली. "वर घाला. दिसू दे."

"लोक काय म्हणतील, पोरी?"

"थंडी पडली की लोक आपल्याच दारात येतात, अक्का," सगुणा म्हणाली. "तेव्हा विचारू त्यांना, काय म्हणत होतात." मग अंगणाकडे वळून तिने ठणकावलं, "जावईबापू! उद्या एकटेच जा! दोन दिवस स्वतःच्या हातचं खा, म्हणजे बायकोची किंमत कळेल!"

पातळ पसरलं. हिरवंगार, घड्यांवर जरासं विटलेलं. मथुरेने सगुणेच्या हातून अंगुस्तान घेतलं, बोटात चढवलं. कंबर ठणकत होती, डोळ्यांपुढे पाणी, दोन वर्षांचा शिणवटा हाताला जड झाला होता. तिने सुई घातली, ओढली.

समोरून सगुणेने टाका पाहिला, ओठ दाबून घेतले आणि नजर दुसरीकडे वळवली.

"बोल गो," मथुरा म्हणाली, "नायतर पोटात दुखेल तुझ्या."

"वाकडा पडला."

"पडू दे," मथुरा म्हणाली, आणि दुसरा टाका घातला.