घरात माणूस हवं

डोळ्यांच्या दवाखान्यातली दुपार मोठी संथ असते. आत डॉक्टरीणबाई एकेकाला तपासत असतात आणि बाहेरच्या खोलीत पडदे ओढून, डोळ्यांत थेंब घालून बाकीचे पेशंट डोळे मिटून बसलेले असतात. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत कुणी फारसं बोलत नाही. स्पिरिटचा वास, पंख्याची घरघर आणि अंधार. काउंटरवरच्या बाईला तेवढा वेळ दुसरं काम नसे. मग ती मोबाइलवर ब्लॉग वाचायची.

नुसतं वाचून तिचं भागत नसे. खाली दोन ओळींचा सल्ला दिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कुणाच्या प्रवासात फोटो फार, कुणाच्या कवितेत रडगाणं फार. ‘परखडताई’ या नावाने ती लिहायची आणि बरेच ब्लॉगवाले तिला वचकून असायचे.

“लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस भारी तुला,” नवरा म्हणायचा. तो चाव्या करायचा. घरी आला की त्याच्या हातांना लोखंडाच्या किसाचा वास असायचा, आणि तोंडात शीळ. एकाच गाण्याची, दर वेळी एकाच जागी तुटणारी.

“अहो, पुढचं का नाही येत तुम्हाला?”

“पुढचं येत असतं तर गवई झालो असतो. कुलपं कशाला उघडत बसलो असतो?”

लग्नाला कैक वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ती तुटकी शीळ कानावर पडली की तिचा दिवस संपायचा.

आभाळ दाटून आलेल्या एका दुपारी तिला तो ब्लॉग सापडला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही. फक्त एका घराचं वर्णन. ओल धरलेली भिंत, कुणीच न बसलेली खुर्ची, कुलूप नसूनही न उघडणारं दार. लिहिलं असं होतं की वाचताना भिंतीचा गारवा बोटांना लागावा. खाली एकही कमेंट नव्हती. बाईला राहवलं नाही.

‘वर्णन झकास. पण रिकामं घर वाचवत नाही. घरात माणूस हवं. शीळ घालत कामं करणारा एखादा हसरा माणूस आणा, बघा कशी रया येते.’

उत्तर लगेच आलं. ‘आभार. आणू.’

दुसऱ्या दिवशी नवा मजकूर आला होता. घरात आता एक माणूस होता. तो शीळ घालायचा, आणि ती मध्येच एका जागी तुटायची. बाईला हसू फुटलं. आपल्या एका शब्दाला इतका मान! संध्याकाळी नवऱ्याला सांगायला ती दारातच उभी राहिली. तो आला, चपला काढल्या, आत गेला. गुपचूप.

“आज शीळ नाही वाटतं?”

“कसली शीळ?” त्याने विचारलं. थट्टा नव्हती ती. त्याला खरंच आठवत नव्हतं.

दमला असेल, असं तिने मनाला समजावलं. पण पुढच्या मजकुरात त्या माणसाच्या हातांना लोखंडाच्या किसाचा वास होता. हेही तिने सुचवलं नव्हतं. ती अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून नवऱ्याच्या टपरीवर गेली. कानस चालूच होती, किस उडत होता. तिने त्याचा हात ओढून नाकाशी नेला. कसलाच वास नव्हता. पाण्याला तरी असेल, तेवढासुद्धा नव्हता.

“अगं, लोक बघतायत,” तो ओशाळून म्हणाला. पण कुणीच बघत नव्हतं. चावी करायला आलेलं गिऱ्हाईक टपरीत डोकावलं, ‘चावीवाला नाही वाटतं’ असं पुटपुटलं आणि निघून गेलं.

त्या संध्याकाळी नवरा स्वतःच्याच दारापुढे उभा राहिला. हातात स्वतः घडवलेली चावी. ती उलटीसुलटी करून तो बघत होता. जन्मभर लोकांची कुलपं उघडणारा माणूस, त्याला आपलं कुलूप कळेना.

“हे... आपलंच ना गं?”

तिने त्याला हाताला धरून आत नेलं. हात हलका लागला, धुऊन वाळलेल्या सदऱ्याच्या बाहीसारखा.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसताच तिने ब्लॉग उघडला. ‘आज त्याने दार आतून उघडून पाहिलं. उद्या तो ह्याला आपलं घर म्हणेल.’

तिने आपली कमेंट पुसायचा प्रयत्न केला. पुसली जाईना. मग तिने लिहिलं, ‘चूक झाली. त्यांना परत पाठवा. पाया पडते.’

‘घर पुन्हा रिकामं होईल. रिकामं वाचवत नाही, हे तुम्हीच सांगितलंत.’

‘मग दुसरं कुणी घ्या...’

‘कोण? वर्णन द्या.’

बाईने मान वर केली. समोर अंधारात ओळीने माणसं बसली होती, डोळे मिटून. कोपऱ्यात एक म्हातारी होती. पिशवी छातीशी धरलेली, पायांत दोन रंगांचे मोजे. विचारणारं कुणी नसावं तिला. बाईची बोटं चालायला लागली. ‘एक म्हातारी. पायांत दोन...’

“पोरी, झाला का गं माझा नंबर?” म्हातारीने डोळे न उघडताच विचारलं.

“नाही आजी. अजून नाही... बसा निवांत.”

तिने सगळं पुसलं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि नवऱ्याबद्दलची माया दाटून आली. तिने नव्याने लिहिलं. ‘एक बाई. चष्मा दोरीने गळ्यात. सल्ला दिल्याशिवाय चैन न पडणारी. नवऱ्याची शीळ ऐकली की जिचा दिवस संपतो.’ आणि पाठवून दिलं.

काही झालं नाही. पंखा घरघरत होता. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, थेट तिच्याकडे पाहिलं आणि पेशंटना विचारलं, “काउंटरवर कुणीच नाही का आज?”

ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. दार लोटलेलं होतं. स्वयंपाकघरातून लोखंडाचा वास आला, आणि मागोमाग शीळ. ती भिंतीला टेकून रडली. रडण्याचा आवाज झाला नाही. नवरा चहा गाळत होता. कप एकच होता. तिच्या आरपार त्याने दाराकडे पाहिलं, “उघडं कसं राहिलं हे,” असं म्हणाला, दार लावलं आणि पुन्हा शीळ घालत आत गेला.

तो होता. सगळाच्या सगळा होता. तेवढं तिला पुरे होतं.

तिने शेवटचं म्हणून ब्लॉग उघडला. घरात एक बाई आली होती, चष्मा दोरीने गळ्यात. आणि खाली परखडताईची नव्हे अशी एक कमेंट होती. कुण्या भल्या वाचकाची.

‘बाई छान उतरलीय. पण एकटी पडलीय बिचारी. तिच्या नवऱ्यालाही आणा ना.’

त्याखाली उत्तर उमटत होतं. ‘आभार...’

स्वयंपाकघरातली शीळ तुटली. नेहमीच्या जागेच्या बरीच आधी.