सात मिनिटांचं वर्तुळ

एका माणसाला सात मिनिटं लागतात, तर दोनशे दहा माणसांना किती?

रेणू मयेकरने हे गणित पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तीनदा सोडवलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: साडेचोवीस तास. आता दुपारचे बारा वाजले होते. तिच्या हातातल्या टोकनवर १६४ आकडा होता, म्हणजे तिचा नंबर लागणार उद्या सकाळी सातला. आणि शिबिराच्या इस्पितळातल्या, ओळख न पटलेल्या एकेचाळीस माणसांना आज संध्याकाळी सहा वाजताच दूरच्या शहरांत हलवणार होते.

२०६१ सालच्या त्या उधाणात समुद्र बंदर ओलांडून गावात शिरला, तेव्हा बारा वर्षांची रेणू शाळेच्या गाडीतून सड्यावर (वरच्या खडकाळ पठारावर) पोचली. तिची आई बर्फाच्या कारखान्यात कामावर होती. तेव्हापासून तिचा पत्ता नव्हता, त्याला आता तीन दिवस झाले होते.

हरवलेल्यांची नोंद शिबिरातल्या एकाच टेबलावर होत होती. तिथे वाचनालयातल्या सईदामावशी बसल्या होत्या. त्या नाव लिहायच्या, फोटो जोडायच्या, ‘जतन करा’ दाबायच्या. मग पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागायचं. ते थांबेपर्यंत पुढचं एक अक्षरही लिहिता येत नसे.

“मावशी, एवढा वेळ हे करतं तरी काय?” रेणूने विचारलं.

“मला काय माहीत, बाळा. हात आहेत, डोळे आहेत, समोर माणसं उभी आहेत. आणि मी बसलेय चाक बघत.”

“आधी फोटो स्वच्छ करतं,” रेणूच्या मागून आवाज आला. “मग तो चेहरा शिबिरांत आणि इस्पितळांत टिपलेल्या चाळीस हजार चेहऱ्यांशी ताडून बघतं. मग सगळ्या शिबिरांना कळवतं. आणि हे सगळं संपल्यावरच लिहिणाऱ्याला सोडतं.”

बोलणारे पेडणेकर आजोबा होते, टोकन १६५. त्यांच्या हातात त्यांच्या बायकोचा फोटो होता.

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“ही नोंदणीची वेबसाइट मीच लिहिली, बाय. बंदराच्या ऑफिसात होतो तेव्हा. महिन्याला दोन माणसं हरवायची. लिहिणारा सात मिनिटं थांबला तरी बिघडत नव्हतं. मला वाटलं, मी फार काळजीपूर्वक काम केलंय.”

“मग आता सगळ्यांच्या वाटचं तुम्हीच उभे राहा,” रांगेतून कोणीतरी म्हणालं. आजोबांनी मान खाली घातली.

रेणूने फिरत्या वर्तुळाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, “मावशीला थांबवायलाच हवं का?”

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. “गिरणीत दळण टाकायला जायचीस?”

“जायचे. आई डब्यावर चिठ्ठी लावून द्यायची. ‘मयेकर, तांदूळ, बारीक’.”

“दळून होईपर्यंत तिथेच उभी राहायचीस?”

“नाही. डबा ठेवायचा आणि घरी यायचं. गिरणीवाला नंबराने दळतो.”

“झालं तर. मी मात्र दर माणसाला गिरणीतच उभं केलंय.” आजोबा टेबलाकडे वळले. “सईदाताई, थोडा वेळ खुर्ची द्या. नाव आणि फोटो साठवायला एक क्षण पुरतो. तो साठवायचा, चिठ्ठी लावून कामांच्या रांगेत (कामं आपल्या पाळीची वाट बघतात त्या यादीत) ठेवायचा आणि तुम्हाला लगेच मोकळं करायचं. चेहरे ताडायचं संथ काम मागच्या मागे कामकरी करतील (रांगेतलं एकेक काम उचलणारे छोटे प्रोग्रॅम). दहा संगणक मोकळे आहेत, दहा कामकरी लावतो.”

“आणि वीज गेली तर?” सईदामावशींनी विचारलं.

“रांग वहीत लिहिल्यासारखी साठवलेली असेल. वीज आली की तिथूनच पुढे.”

“एखादा फोटो अडला तर?” रेणूने विचारलं.

“गहू ओला निघाला तर गिरणीवाला काय करतो? डबा बाजूला ठेवतो, बाकीचे दळतो. मग त्याच्याकडे पुन्हा वळतो.”

पावणेदोनला आजोबा उठले. सईदामावशींनी ‘जतन करा’ दाबलं. वर्तुळ आलंच नाही. ‘नोंद झाली. शोध चालू आहे,’ अशी ओळ आली आणि खाली पुढच्या नावासाठी कोरी जागा.

आता एका माणसाला एक मिनिट लागू लागलं. सव्वातीनला टोकन ८९ ची ओळ बदलली: ‘जुळणी सापडली. इस्पितळ, खाट १२.’ एक म्हातारा चपला तिथेच टाकून धावत गेला.

सव्वाचारला रेणूने आईचा फोटो दिला. सात मिनिटांनी ओळ बदलली.

‘जुळणी नाही.’

त्या एकेचाळिसांत आई नव्हती. इतक्या घाईने जे गाठलं, ते हेच होतं. रेणू खाली बसली. शेजारी आजोबा टेकले. थोड्याच वेळात त्यांच्या नोंदीवरही तीच ओळ आली.

“संपलं?” तिने विचारलं.

“माझ्या जुन्या वेबसाइटीत संपलं असतं. ती एकदाच बघायची.” आजोबा म्हणाले. “आता नाही. किनाऱ्यावर आणखी अकरा शिबिरं आहेत. कुठेही नवा फोटो आला, की तुझ्या आईची चिठ्ठी पुन्हा रांगेत लागते. आपोआप. आपण झोपलो तरी.”

“सापडेलच असं नाही ना?”

“नाही, बाय. तसं मी म्हणणार नाही.”

टेबलाशी सईदामावशी आखडलेली बोटं दाबत होत्या. रांगेत अजून पस्तीसेक माणसं होती. रेणू उठली, डोळे बाहीला पुसले आणि त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

मागे कुठेतरी गिरणी चालू होती, आणि मयेकरांचा डबा तिथेच होता.

“नाव सांगा,” ती समोरच्या बाईंना म्हणाली.