बोजा नेमका कुणाच्या घरावर?

"माझ्या नवऱ्याने माझ्यापासून कधी काही लपवलं नाही," शिंपीणबाई दारातूनच म्हणाल्या. "आणि आता त्यांच्या माघारी हे निघालंय."

वहिनींनी खुर्ची पुढे सरकवली. विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात त्यांचा जन्म गेला होता; आता त्या खासगी तपासाची कामं घेत. मदतीला धाकटा दीर असे, म्हणून येणारे-जाणारेही त्यांना वहिनीच म्हणत.

बाईंचे गुडघे गेले होते. तळमजल्यावरच्या फ्लॅटचा इसार दिला होता, जुन्या घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं. नोंदणी कचेरीत कळलं, की छपराच्या मिस्त्रीने घरावर बोजा चढवलाय.

"पण काम मालकांनी सांगितलं ना? मग बाईंवर का?" दिराने विचारलं.

"बोजा माणसावर नसतो, भाऊजी, घरावर असतो. कामाचे पैसे थकले, मिस्त्रीने बोजा चढवला. मालक गेला तरी तो घराला चिकटून राहतो. उतरल्याशिवाय विक्री नाही." वहिनी बाईंकडे वळल्या. "काम काय लिहिलंय?"

"नुसतं 'दुरुस्ती'. हे इस्पितळात होते तेव्हाचं. मी त्यांच्या उशाशी, घराला कुलूप."

घर म्हणजे जोडघराचा अर्धा भाग होता. मधली भिंत सामाईक, दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या उलट. उजव्या हाताने कठडा धरत वहिनी माळ्यावर गेल्या. तिथल्या तुळया वाळवीने पोखरल्या होत्या.

"कसली दुरुस्ती!" दीर म्हणाला. "मिस्त्री पक्का चोर आहे."

खाली कुंपणापाशी जोडघराच्या दुसऱ्या भागात राहणारे दंतवैद्य उभे होते.

"फार वाईट झालं हो. तुळया बदलल्या म्हणतो आणि बिचाऱ्या बाईंच्या गळ्यात फास! असलं घर कोण घेणार? निम्म्या भावात मी घेईन, शेजारधर्म म्हणून."

गिऱ्हाईक सरळ माणूस होता. "बोजा उतरवा, ठरलेल्या भावात घेतो," एवढंच तो म्हणाला.

मिस्त्री मात्र तापला. "चोर? नव्या तुळया घातल्यात मी! मागच्या बोळातून माल नेला. जिना चढताना कठडा डाव्या हाताला, उजवा खांदा भिंतीला घासून सोलला माझा!"

"मालक भेटले होते?"

"रोज. त्यांनीच दार उघडून दिलं. पैसे पुढच्या महिन्यात म्हणाले. नंतर त्यांनी दिलेल्या नंबरवर फोन केला, तर कुणीतरी सांगितलं, मालक वारले. विधवा बाईंच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार? वकिलाकरवी बोजा चढवला."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी दंतवैद्यांना बाईंच्या घरी बोलावलं. गिऱ्हाईकही आलं.

"मिस्त्री खोटारडा नाही," वहिनी म्हणाल्या.

"पण माळ्यावर तुळया जुन्याच आहेत," दीर पुटपुटला.

"या माळ्यावर. भाऊजी, इथे चढताना कठडा उजव्या हाताला येतो. मिस्त्रीला डावीकडे लागला. म्हणजे तो भिंतीपलीकडच्या जिन्याने चढला. बोळाकडच्या दारांवर नंबर नाहीत. घराचा जो नंबर सांगितला, मालकाचं जे नाव सांगितलं, ते त्याने खरं मानलं."

दंतवैद्य हसले. "चोराची बाजू घेताय."

"बोजात नुसतं 'दुरुस्ती' लिहिलंय. तुळया बदलल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? बाईंनाही ते माहीत नव्हतं. शेजारी मरणाच्या दारात असताना तुम्ही त्यांच्या नावावर आपलं छप्पर सावरलंत. त्याच बोजाच्या धाकाने घरही स्वस्तात घ्यायला निघालात."

"पुरावा आहे?"

वहिनींनी आतल्या खोलीचं दार उघडलं. मिस्त्री बाहेर आला, दंतवैद्यांना पाहून जागीच थिजला.

"मालक? तुम्ही... तुम्ही तर वारलात ना?"



त्याच आठवड्यात मिस्त्रीने बोजा उतरवला. गिऱ्हाईकाने शब्द पाळला. दंतवैद्यांवर फसवणुकीची तक्रार झाली, आणि बोजा शेवटी त्यांच्याच घरावर चढला.

मिस्त्री माफी मागायला आला, तेव्हा बाई शिवणयंत्रावरचं कापड गुंडाळून ठेवत होत्या.

"तुमचं काय चुकलं?" त्या म्हणाल्या. "बोजा कळल्यापासून मीच मनातल्या मनात यांच्याशी भांडत होते. नाही नाही ते बोलले. गेलेला माणूस उत्तर तरी कसं देणार?"

आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच त्या हमसून रडल्या. वहिनी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.