उरलेला अर्धा

शनिवारी शाळा सुटली की मी आत्याच्या प्रयोगशाळेत जाते. मोजमापात तिथे कुणी माझा हात धरू शकत नाही. हे आत्याच म्हणते, मी फक्त सगळ्यांना सांगते.

आत्या कृत्रिम रक्तवाहिन्या बनवते. पांढऱ्या, रबरासारख्या ताणणाऱ्या नळ्या. ब्लेडने कापून टोकं जुळवून ठेवली, तर दहा मिनिटांत जोड शोधूनही सापडत नाही. बाबांच्या छातीत बसवायला तिने अशीच एक आठ सेंटिमीटरची नळी केली. सर्जनना चारच लागले. उरलेलं जाळायचा नियम आहे. आत्याने ते काचेच्या बशीत, पाण्यासारख्या द्रावात ठेवलं.

"दादाची नळी फाटली, तर दुसरी मी आयत्या वेळी कुठून आणू?"

तुकडा मोजायचं काम माझं. पहिल्या शनिवारी तो बशीच्या मधोमध होता. दुसऱ्या शनिवारी खिडकीकडच्या कडेला. मी बशी जागच्या जागी अर्धी फिरवली आणि डबा खाऊन आले. तो परत खिडकीकडेच, कापलेलं टोक काचेला टेकवून.

"उन्हाने सरकत असेल गं."

मी पडदा ओढला. बशी दुसऱ्या टेबलावर नेली. तेच.

खिडकीच्या दिशेला, दोन किलोमीटरवर, आमचं घर आहे.  

तिसऱ्या शनिवारी तो चिमट्याने ओढून काढावा लागला. काचेत नळीच्या तोंडाएवढा गोल चरा पडला होता. आठ मिलिमीटर.

"आत्या, जाळून टाकू या."

तिने बशी हातात घेतली.

"आणि दादाच्या आतल्या अर्ध्याला कळलं तर?"

बशी तिने जागेवर ठेवली.

घरी आले, तर बाबा बाहेरच्या खोलीत भिंतीला छाती लावून उभे. प्रयोगशाळेच्या बाजूची भिंत.

"काय हो बाबा, घरावर एवढं प्रेम?"

"गार वाटतं. टाक्यांना बरं पडतं." हसले, पण हलले नाहीत.

मी खांदे धरून ओढलं. जोर लावावा लागला.

भिंतीत, त्यांच्या छातीच्या उंचीवर, एक भोक होतं. खिळ्याचं असेल म्हणून मोजपट्टी लावली.

आठ मिलिमीटर.

पेन्सिल घातली. पुरी आत गेली, कुठेच टेकली नाही.

बाबांनी शर्ट झटकला. तो कुठेच फाटला नव्हता. चुन्याची भुकटी आतून पडली.