अजून एकदा धुऊ या

मे महिन्याच्या भर दुपारी धुळ्यात शहाणा माणूस रस्त्यावर दिसत नाही. त्यामुळे मृणाली डबा धुवायला बाहेर आली, तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसलेला तो उंच मुलगा तिला काही शहाणा वाटला नाही. मांडीवर टॉवेल, टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं, आणि ते तो तान्ह्या बाळासारखं सांभाळत होता.

"पाणी हवंय का?"

"हवंय... आणि थोडी सावलीही. लगेच उठतो."

"बसा हो, पायरी काही झिजत नाही. टॉवेलात काय आहे?"

त्यानं टॉवेल उघडला. आत वीतभर लांबीचा काळाकुट्ट ऑइल कूलर होता. इंजिनातलं तापलेलं तेल ज्याच्या बारीक नळ्यांमधून फिरून थंड होतं, तो. मृणाली डबा तिथंच ठेवून खाली बसली.

"अगंबाई, बीटल गाडीचा! आणि उलटा धरलाय तुम्ही."

"तुम्हाला कसं—"

"वर बोर्ड वाचा की."

वर लिहिलं होतं, हिलाल रेडिएटर वर्क्स. हिलालभाऊ तिचे वडील. पण पोरगी डिप्लोमा करून दुकानात उतरल्यापासून भाऊंच्या वाट्याला खुर्ची आणि गप्पा एवढंच उरलं होतं, आणि त्यात ते खूश होते.

मुलाचं नाव तेजस. गाव यावल, नोकरी जळगावात, केळीच्या रोपांच्या लॅबमध्ये. नाना, म्हणजे त्याचे आजोबा, डॉक्टर. याच गाडीतून सातपुड्याच्या पायथ्याची गावं त्यांनी पालथी घातली. नाना गेले, गाडी उरली. मागच्या वर्षी तिची बेअरिंग झिजली म्हणून तेजसनं इंजिन नव्यानं बांधून घेतलं, पण मिस्त्रीनं कूलर नुसता वरून पुसून बसवला. आत अडकलेला धातूचा चुरा तेलाबरोबर नव्या बेअरिंगमध्ये गेला आणि पारोळ्याजवळ इंजिन जाम.

"आता पुन्हा बांधलंय," तो म्हणाला. "नवा कूलर धुळ्यातही कुठं मिळत नाही. जो तो म्हणतो, जुना फेका. आणि आई म्हणते, गाडीच देऊन टाक. नाशिकचा एक हॉटेलवाला मागे लागलाय. त्याला ती दारात उभी करून तिच्यात झेंडू लावायचाय!"

"झेंडू?" मृणाली भडकलीच. "द्या इकडे. मी धुते. आतून."

तिची रीत साधी होती. कूलरमध्ये डिझेल भरायचं, तोंडं बंद करून रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी हलवायचं, आणि तेल जिकडून बाहेर पडतं तिकडून हवेचा उलटा जोर लावून सगळं बाहेर काढायचं. निघालेलं डिझेल पांढऱ्या मलमलीतून गाळायचं आणि कापड उन्हात धरायचं. कापडावर एक जरी कण चमकला, तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या वेळी कापडावर नुसती चांदी! पुढच्या सुट्टीला तेजस बसनं आला, येताना यावलचे केळीचे वेफर्स घेऊन. कापड दोघांनी दोन टोकांना धरून उन्हात पाहिलं. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि दोघंही कण शोधायचं विसरले.

"चमकतंय का?" त्यानं विचारलं.

"हो..." ती म्हणाली. पण ती कापडाकडं बघतच नव्हती.

असं होता होता एके दिवशी, तो यायच्या आधीच, कापड लख्ख निघालं. तिनं ते उन्हात उलटसुलट केलं. कण म्हणून नाही. आनंदानं ओरडावं, तर तिनं कापडाची घडी करून ती खणात टाकली. कूलर झाला... मग हा कशाला येईल धुळ्याला?

तो आला, आणि ती सरळ म्हणून गेली, "अजून थोडं आहे. अजून एकदा धुऊ या."

आयुष्यात गिऱ्हाइकाशी ती पहिल्यांदा खोटं बोलली होती. तेजस गेल्यावर भाऊ खुर्चीतून हसले. "पोरी, धुई धुई झिजी जाई ते! बठ्ठं दिखस माले." सगळं दिसत होतं त्यांना.

पुढच्या खेपेला तेजसच्या हातात वेफर्स नव्हते.

"मृणाली, आता राहू दे," तो खाली बघत म्हणाला. "तू एवढं धुतलंस तरी निघत नाही, म्हणजे निघायचंच नाही. आईला हो म्हटलं. रविवारी हॉटेलवाला गाडी न्यायला येतोय."

तिच्या एका खोट्या वाक्यानं नानांची गाडी झेंडूला चालली होती! मग तिनं खणातलं कापड काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"कूलर स्वच्छ आहे. मागच्याच वेळी झाला होता. मी खोटं बोलले."

"काय? पण का?"

"तू परत यावास म्हणून."

तेजसचा आवाज चढला. "अगं, मी आठवडाभर झोपलो नाही! नानांच्या फोटोसमोर उभं राहवत नव्हतं मला."

"रागाव. हक्कच आहे तुझा. पण माझ्यावर रागाव, कूलरवर नको." तिनं कूलरला हवेची नळी जोडली, तो पाण्याच्या टाकीत बुडवला. एक बुडबुडा आला नाही. "आतून स्वच्छ, बाहेरून शाबूत. माझा शब्द."

"तुझा शब्द?" तो अजून धुमसतच होता. "मग रविवारी गाडीत शेजारी बसशील? बंद पडली तर ढकलायला?"

"बसते की! ढकलायची वेळ यायची नाही."

रविवारी सकाळी ती जळगावला पोचली तेव्हा कूलर बसवून गाडी तयार होती. दोघं धुळ्याकडं निघाले. एरंडोल गेलं. पारोळा जवळ आलं तशी तेजसची बोटं स्टिअरिंगवर आवळली. ऊन मरणाचं. मागच्या वेळी इथंच डॅशबोर्डवरचा तेलाचा धोक्याचा दिवा लागला होता.

"दिव्याकडं बघू नकोस," मृणाली म्हणाली. "रस्त्याकडं बघ. दिवा मी बघते."

दिवा लागला नाही. पारोळ्याचा किल्ला मागं पडला, धुळ्याची पाटी आली, तरी लागला नाही. तेजसचा फोन वाजला. तिकडून हॉटेलवाला ओरडत होता, गाडी कुठंय म्हणून.

"गाडी फिरायला गेलीय, शेठ," तेजस म्हणाला. "विकायची नाहीये. माफ करा, झेंडू कुंडीत लावा."

दोघं इतकं हसले, की गाडी बाजूला घ्यावी लागली. मग तो तिच्याकडं वळला.

"राग गेला माझा. कधीच गेला होता... मला तू फार आवडतेस, मृणाली."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि त्याचा हात हातात घेतला. "मलाही तू. उगाच का डिझेल वाया घालवलं!"

दुकानापाशी ती उतरली. भाऊंनी खुर्चीतूनच गाडीला हात जोडले. तेजसनं इंजिन चालूच ठेवून खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पुढच्या सुट्टीला कूलर काढून घेऊन येतो."

"आता कशाला? काय झालं त्याला?"

"काही नाही," तो म्हणाला. "अजून एकदा धुऊ या."