दोन्ही पाय डावे

वर्षाच्या शेवटच्या दिवशी बूटवाल्याच्या दुकानात उभं राहायला जागा नसायची. बारा महिने उचकटलेली टाच ओढत फिरणाऱ्यांना नेमकं त्याच दिवशी नव्या वर्षात नीट पाऊल टाकायची हौस यायची. "जरा लगेच द्या हो, दोनच टाके आहेत," असं म्हणत प्रत्येक जण चार टाक्यांचं काम पुढे करायचा. चार वाजता त्यानं शेवटचं गिऱ्हाईक वाटेला लावलं, दार ओढून घेतलं आणि वरच्या फळीवरचा तो भला मोठा बूट खाली काढला.

तो एकटाच बूट होता, डाव्या पायाचा. बऱ्याच वर्षांपूर्वी एक उंच माणूस तो ठेवून गेला होता. टाचेला नाल ठोकून ठेवा, येतो, एवढंच बोलला होता. बूटवाल्यानं नाल बसवली, तीन खिळे ठोकले, चौथा हाताशी नव्हता म्हणून उद्यावर टाकला. माणूस काही परत आला नाही आणि चौथा खिळाही राहून गेला.

पुढे हा बूट हिवाळेआजोबांचा झाला. वर्षाच्या शेवटच्या रात्री हिवाळेआजोबा येतात, मुलांचे लहान झालेले बूट घेऊन जातात आणि त्या जागी एखादी छानशी वस्तू ठेवतात, असं तिथल्या सगळ्या मुलांना घरोघरी सांगितलेलं असायचं. बूटवाल्याची मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा बायकोनं तिलाही सांगितलं. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसली तर ताप आलाय का ते बघावं लागायचं. बूटवाल्याला तेव्हा भलताच उत्साह आला. नवे बूट आतून गुळगुळीत करायला तो शंखजिऱ्याची पांढरी पूड वापरायचा. ती त्यानं बुटाच्या तळाला फासली, बूट हातात घातला आणि जिन्यापासून भिंगरीच्या पलंगाशेजारच्या कोपऱ्यापर्यंत पावलं उमटवली. सकाळी पोरगी जी नाचली, ते बघून त्याचे डोळे भरून आले होते. मग ते दर वर्षाचंच झालं. चार वर्षं त्यानं गुडघे झिजवले.

यंदा मात्र त्याचं मन फिरलं होतं. भिंगरी सात वर्षांची झाली होती. शाळेत मुलं हसली तेव्हा तिनं छाती पुढे काढून सांगितलं होतं, "माझे बाबा खोटं बोलत नाहीत." ते ऐकल्यापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

"उद्या सकाळी तिला खरं सांगून टाकतो," तो बायकोला म्हणाला.

"अहो, अजून एक वर्ष. काय बिघडतंय?"

"माझी आई गेली तेव्हा मला काय सांगितलं होतं, माहितीये ना? लांब फिरायला गेलीय. वर्षभर दर रविवारी मी तिच्या चपला पुसून दाराशी ठेवत होतो. एकानंही मला थांबवलं नाही."

 बायको हळूच म्हणाली, "तुम्हाला सांगितलं ते तुम्हाला गप्प बसवायला. हिला सांगतो ते हिला आनंद व्हावा म्हणून. यात काहीच फरक नाही?"

फरक असेल, पण त्याला तो दिसत नव्हता. पुन्हा मोह नको म्हणून त्यानं तो बूट चामडं कापायच्या रापीनं उभा चिरला. चामडं ठिगळांच्या खोक्यात गेलं, नाल भंगाराच्या डब्यात.

झोपताना भिंगरीनं आपले लाल बूट पलंगाशेजारच्या कोपऱ्यात जोडीनं लावून ठेवले. ते आता तिला चांगलेच घट्ट व्हायचे.

"बाबा, आजोबांना जिना चढताना त्रास होत असेल ना?"

"का गं?"

"त्यांचे दोन्ही पाय डावे आहेत. अंगठ्याची बाजू सगळीकडे एकच असते. मी बघितलंय."

बूटवाला चपापला. चार वर्षं एकाच बुटानं दोन्ही पावलं उमटवली होती आणि धंद्यातला माणूस असून त्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं! चोरी पकडायला घरचीच पोरगी लागली.

"आणि ते फक्त येतात," भिंगरी जांभई देत म्हणाली. "गेलेली पावलं नसतातच."

तीही त्याचीच आळशी चूक. आत येणारी पावलं काढून होईपर्यंत त्याची कंबर धरायची, मग तो भिंतीच्या कडेकडेनं मोज्यांवर निघून यायचा.

"झोप आता," तो म्हणाला. छतावर ओलीचा एक तपकिरी डाग होता. वर पाण्याची लोखंडी टाकी होती. डाग थोडा वाढल्यासारखा वाटला. उद्या घरमालकाच्या कानावर घालू, असं म्हणत त्यानं दिवा मालवला.

उजाडायला बराच अवकाश असताना त्याला जाग आली ती वासानं. ओल्या चामड्याचा वास. दुकानात तो त्याच्या नाकाला जाणवतही नसे, पण इथे वरच्या खोलीत तो उशीपर्यंत आला होता. त्यात शंखजिऱ्याची कोरडी पूड मिसळलेली होती.

मग आवाज आला. लाकडी जिन्यावर लोखंड टेकल्याचा. टक्... बराच वेळ काही नाही... टक्... कुणीतरी जड माणूस एकेक पायरी अडखळत उतरत होता.

बायकोच असणार, त्याला वाटलं. राहवलं नसेल तिला. तेवढ्यात अंधारातून एक गार हात त्याच्या मनगटाभोवती आवळला.

"अहो..." बायको अगदी त्याच्या कानाशी कुजबुजली, "तुम्ही इथं आहात?"

"हो..."

"मग जिन्यावर..."

टक्. शेवटची पायरी.

आणि घर हादरलं. भिंतीपलीकडे काहीतरी प्रचंड कोसळलं, लाकूड मोडलं, पाण्याचा लोंढा दाराखालून आत शिरला. दोघं धडपडत भिंगरीच्या खोलीकडे धावली. बूटवाल्यानं खांदा लावून दार ढकललं. टाकी छत फोडून खाली आली होती. ती जिथं पडली होती तिथं पलंग होता. आता पलंगाचे फक्त दोन पाय बाहेर दिसत होते. त्यानं टाकीला हात घातला. टाकी तसूभरही हलली नाही. बायको उंबऱ्यातच खाली बसली. 

"बाबा..."

हाक खालून आली होती, दुकानातून.

त्यानं दिवा उचलला. जिन्याच्या पायऱ्यांवर पांढरी पावलं होती, खाली जाणारी. तशातही त्याची नजर आपलं काम करत होती. डावं. डावं. पुन्हा डावं. टाचेशी नालेची कमान, तीन खिळे आणि चौथ्याची रिकामी जागा.

गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर भिंगरी पांघरूण लपेटून बसली होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. बायकोनं तिला असं कवटाळलं की पोरगी ओरडली, "आई, श्वास घेऊ दे!"

"कोणी आणलं तुला?" बूटवाल्यानं विचारलं.

"आणलं नाही. आजोबा पुढे चालले, मी मागून."

"काही बोलले?"

"नाही."

"चेहरा... चेहरा कसा होता?"

"वर बघितलंच नाही मी," ती म्हणाली. "मी त्यांचे बूट बघत होते."

बूटवाल्यानं भंगाराचा डबा जमिनीवर ओतला. नाल तिथंच होती, गंजलेली, कोरडी. ठिगळांच्या खोक्यात चिरलेलं चामडं होतं. तो तसाच जमिनीवर बसला, आणि कुणाला ते ठाऊक नसतानाही त्यानं हात जोडले.

उजाडल्यावर तो वर गेला. सगळी खोली चिखल झाली होती, फक्त पलंगाशेजारचा कोपरा कोरडा होता. तो दर वर्षी जिथं शेवटचं पाऊल उमटवून थांबायचा, बरोबर तिथून ही पावलं निघाली होती. कोपऱ्यापर्यंत येणारं पाऊल एकही नव्हतं. भिंगरीचे लाल बूटही नव्हते. चिखल उपसला, मोडकं लाकूड उचललं, पण ते सापडले नाहीत. त्या सकाळी तिला जे सांगायचं ठरलं होतं, ते त्यानं सांगितलं नाही.

घरमालकानं हातापाया पडत छत नवं करून दिलं आणि टाकी अंगणात उतरवली. भिंगरी चार महिने आईबाबांच्या खोलीत झोपली, मग स्वतःच आपल्या खोलीत परत गेली. बूटवाला दिवसभर दुसऱ्यांचे बूट शिवायचा आणि संध्याकाळी एक बूट आपल्या मनाचा. आयुष्यात त्यानं इतकं निगुतीनं काही शिवलं नव्हतं. उत्तम चामडं, दुहेरी शिलाई, टाचेला नाल आणि नालेला मोजून चार खिळे. बूट उजव्या पायाचा होता. माझ्या लेकराला ज्यानं हात न लावता वाचवलं, त्याला मी निदान नीट चालता तरी करीन, असं तो बायकोला म्हणाला. तिनं तो बूट स्वतःच्या पदरानं पुसला.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी त्यानं तो दुकानाच्या दाराशी ठेवला. भिंगरीनं बूट उलटसुलट करून पाहिला.

"छान झालाय. हा बाहेर गेले त्या आजोबांचा ना?"

"हो."

"मग आतल्या तिघांचे?"

बूटवाला हसायला गेला, पण हसू ओठावरच राहिलं. त्यानं मनातल्या मनात मोजलं. चार वर्षं. चार वेळा आत येणारी पावलं. बाहेर गेलेली एकदाच.

"मुलं म्हणतात असं कुणी नसतंच," भिंगरी म्हणाली. "बाबा, तू खरं सांग."

बायको त्याच्याकडे बघत होती. वर्षभरापूर्वी या प्रश्नाचं उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं.

"असतात," तो म्हणाला. आणि हे तो तिला पहिल्यांदाच खरं सांगत होता.

उरलेले तीन बूट शिवायला त्याला उन्हाळा उजाडला. एका संध्याकाळी त्यानं ते पलंगाशेजारच्या कोपऱ्यात ओळीनं लावले. टाचा खोलीकडे, चवडे भिंतीकडे, जसे दुकानात ठेवायचे तसेच. "उपकार झाले," तो हळूच म्हणाला आणि भिंगरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून निघाला.

सकाळी तो तिला उठवायला गेला तेव्हा ती गाढ झोपेत होती. तिन्ही बूट जागच्या जागी होते. फक्त त्यांचे चवडे आता पलंगाकडे होते, आणि तिन्हींच्या नाड्या बांधलेल्या होत्या.